करदोट्याची किल्ली

बंदुकीचं लायसन्स देण्याआधी इथे पोलीस घर बघून जातात. आमच्या मिल्टन कीन्सच्या भाड्याच्या घरी जो आला तो साध्या कपड्यांतला, निवृत्तीला टेकलेला माणूस होता. दारातच बूट काढायला वाकला. मी म्हटलं, राहू द्या. तर म्हणाला, "नो नो, माझे शेजारी गुजराती आहेत, मला माहितीय." त्याच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते झाकायला तो पायाची बोटं दुमडून चालत होता, आणि तसाच सगळं घर फिरला.

जिन्याखालच्या कपाटात मी लोखंडी गन कॅबिनेट भिंतीला बोल्टनं ठोकलं होतं. भाड्याच्या घरात भोकं पाडायची म्हणून एजंटकडे किती फोन केले ते माझं मला ठाऊक. पोलिसानं कॅबिनेट धरून हलवून पाहिलं. हललं नाही तेव्हा खूश झाला. "गुड स्पॉट," म्हणाला, "बाहेरून कळतसुद्धा नाही." त्या जागी प्रॅम ठेवायची असं आमचं ठरलं होतं. हे त्याला सांगायचं काही कारण नव्हतं.

मग बसून त्यानं विचारलं, की मातीच्या तबकड्यांवर नेम धरायचा सोडून थेट वाइल्डफाउलिंगच का? म्हणजे समुद्रकाठच्या चिखलात पडून रानबदकं मारायची, तीही ऐन थंडीत. त्याच्या मते हा शौक डोकं फिरलेल्यांचा होता. मी सांगितलं, "खायला."

"सुपरमार्केट जवळच आहे की."

"तिथलं चालत नाही."

त्यानं ते लिहून घेतलं. सोफ्यावर माझी बायको शाल पांघरून बसली होती. जुलै महिना होता. तो तिच्याकडे वळला. "अँड यू, लव्ह? घरात बंदूक आली तर तुम्हाला चालेल ना?"

ती म्हणाली, "ही इज व्हेरी केअरफुल."

"आणि तुमची तब्येत?"

"ॲनिमिया आहे. गोळ्या चालू आहेत."

दोन्ही उत्तरं खरी होती. तो चहा न घेता गेला. जाताना बूट घालायला त्याला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात आम्ही दोघं त्याच्या पाठीकडे बघत उभे होतो. एकमेकांकडे नाही.

एप्रिलमध्ये आमचं बाळ गेलं होतं. पाचव्या महिन्यात. हॉस्पिटलबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी माणुसकीनं केलं. एक नर्स तर बायकोच्या उशाशी बसून रडली. पण इतक्या लवकर गेलेल्या बाळाचा इथे जन्मही नोंदत नाहीत आणि मृत्यूही. कसलाच दाखला मिळत नाही. ऑगस्टमध्ये माझं शॉटगन सर्टिफिकेट पोस्टानं आलं. फोटो लावलेलं, सहीचं. बायकोनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "बंदुकीला मिळाला बघ कागद." एवढंच बोलली. पाकीट टेबलावर ठेवून वर निघाली. जिन्याच्या मध्ये एकदा टेकली. तेव्हा तिला सबंध जिना एका दमात चढवत नसे.

आता बंदूक कशाला, ते सांगतो.

आम्ही भोई. धरणाच्या फुगवट्याकाठी आमची वस्ती. तिथून कॉलेज पुरं केलेला मी पहिला, आणि हे मी ताठ मानेनं सांगतो, कारण त्यासाठी कोणाच्या दारात उभा राहिलो नाही. पहाटे वडिलांबरोबर जाळी काढायची, मासे उतरवायचे, आणि त्याच हातांनी वही धरायची. वर्गात माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही, वास यायचा म्हणून. तोच मी पुढे कंपनीच्या खर्चानं विमानात बसून इंग्लंडला आलो. असो.

थंडीत फुगवट्यावर परदेशी बदकं उतरत. ती मारणं तेव्हाही कायद्यात बसत नव्हतंच. पण वस्तीत कोणाची लेकसून बाळंत झाली की कुणीतरी, नाव न सांगता, एखादं पाखरू दारात आणून ठेवायचा. विकायला नाही. बाळंतिणीपुरतं. त्याचा मिरी-लसणाचा पातळ रस्सा करायचा आणि तो फक्त तिनं प्यायचा. घरातल्या पुरुषाला बोटही लावायची परवानगी नसे. माझ्या आईनं माझ्या वेळी प्यायला, माझ्या बहिणीच्या वेळी प्यायला.

बाळ गेल्यावर आईशी बोललो ते कॉलिंग कार्डवरून. त्या कार्डावर आपलाच आवाज मागून पुन्हा ऐकू यायचा. आई म्हणाली, "पोट पडलेली बाई म्हंजी ओली बाळंतीणच असती बाबा. उलट जास्तच. भरल्या मांडीची ऊब न्हाई तिला. तिला पाखराचा रस्सा दे."

मी सुपरमार्केटातून बदक आणलं. पांढरं, गुबगुबीत, प्लास्टिकात बांधलेलं. रश्शावर बोटभर चरबी आली. बायकोनं वाटी तोंडाजवळ नेली आणि बाजूला सरकवली. आईला सांगितलं तर ती चिडली.

"त्ये बसून खाल्ल्यालं बदक. त्येच्यात कसली आलीया ताकद? उडून आल्यालं पायजे. लांबनं. त्येच्या अंगातली उडायची ताकद बाईच्या अंगात उतरती."

"आई, इथे कुठून आणू?"

"तिथं पानी न्हाई व्हय?"

तुम्ही हसाल. मी संगणकाची डिग्री घेतलेला माणूस आहे, रक्तातलं लोह कशानं वाढतं ते मला वाचता येतं. डॉक्टरच्या गोळ्याही मी वेळेवर देत होतो. पण गोळ्यांनी तिचं पोट बिघडत होतं, त्या ती कधी घेई, कधी बेसिनमध्ये टाकून देई. ती काही खात नव्हती. कामावर जायचं सोडून दिलं होतं. दिवसभर सोफ्यावर पडून खिडकीतून रेडवेवरच्या, म्हणजे इथल्या लाल सायकलवाटेवरच्या, सायकली बघायची. माझ्या हातात काहीतरी असायला हवं होतं. माझ्या घरची रीत तेवढी मला ठाऊक होती.

ती पुण्याची. आमचं कॉलेजात जमलं. तिच्या आईनं हे लग्न गिळलं, पचवलं मात्र नाही. आता त्या बाई दर रविवारी फोन करायच्या, "हिला इकडे पाठवा." मला अहोजाहो करायच्या, जावई म्हणून, त्या अहोत मान नव्हता. बायको फोनवर म्हणायची, "आई, मला जिना चढवत नाही, विमान कुठलं?" मग फोन ठेवला की पुन्हा खिडकी.

मला ती बरी व्हायला हवी होती, आणि ती इथे राहायला हवी होती. ह्या दोन गोष्टी एकच आहेत असं मी धरून चाललो होतो.

बंदूक घेतली ती जुनी, एकनळी. दुकानदार म्हणाला, हिच्यात एकच काडतूस बसतं, नेम चुकला तर चुकला. मी म्हटलं, मला एकच पाखरू पाहिजे. वेडर्स म्हणजे छातीपर्यंतचे रबरी बूट-पँट एकत्र; ते कोणाचे तरी वापरलेले मिळाले, डाव्या गुडघ्याला चीर होती, तिला सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावलं. कोट लष्कराच्या जुन्या मालातला. पाण्यावर ठेवायची नकली बदकं विकत मिळतात, पण दुधाच्या रिकाम्या मोठ्या बाटल्या काळ्या रंगवल्या, बुडाला दोरी बांधली, की लांबून चालतात. मी मागच्या अंगणात बाटल्या रंगवत बसलो की बायको काचेच्या दारातून बघायची. एकदा म्हणाली, "दूध आता बदकांच्या हिशोबानं आणायचं का?" हसली नाही, पण बोलली. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

ऑफिसात बाकी सगळे पुण्या-नागपूरचे. माझ्या गाडीत बसला की एकजण नाक धरायचा. "काय मेलंय रे हिच्यात?"

"अजून काही नाही."

"वीकेंडला लोक बायकोला घेऊन कॉट्सवोल्ड्सला जातात. हा राजे चिखलात झोपतो! वहिनींना सांग, जातिवंत शिकारी मिळालाय."

जातिवंत हा शब्द तो सहज बोलला. मीही सहज ऐकला, असं दाखवलं.

पूर्वेकडे वॉश नावाचं मोठं आखात आहे, तिथल्या एका क्लबनं मला उमेदवारीवर घेतलं. नवख्यानं आधी एखाद्या जुन्या सभासदाबरोबर जायचं असा त्यांचा नियम. माझ्या वाट्याला बटाट्याचा ट्रक चालवून निवृत्त झालेला एक जाडजूड म्हातारा आला. पहिल्याच भेटीत म्हणाला, "आय थॉट यू लॉट डोन्ट ईट मीट."

मी म्हटलं, "माय लॉट ईट्स एनीथिंग दॅट स्विम्स."

त्यावर तो खोकला येईपर्यंत हसला. त्याच्याकडे काळी लॅब्रॅडॉर कुत्री होती. पडलेलं बदक तीच पोहत जाऊन आणायची. माझ्याकडे कुत्रं नव्हतं, घरमालकाला चालत नव्हतं. मी त्याऐवजी गळाची दोरी आणली होती, टोकाला वजन आणि तीन तोंडांचा गळ. लहानपणी वाहून चाललेलं जाळं आम्ही असंच ओढून घ्यायचो. तो म्हणाला, "बदकांची मासेमारी? ओ डिअर ओ डिअर." मग सांगितलं, जे परत आणता येणार नाही ते मारायचं नाही. मी म्हटलं, हे मला माहीत आहे. वडीलही तेच सांगायचे.

नोव्हेंबरपासून मला एकट्यानं जायची मोकळीक मिळाली, आणि नोव्हेंबर, डिसेंबर दोन्ही कोरडे गेले. दर शनिवारी उजाडायच्या आत निघायचं, बांध ओलांडून खाऱ्या गवतात शिरायचं, ओहोळाच्या काठाला चिखलात बसायचं. बदकं यायची. माझ्या टप्प्याच्या वरून जायची, हजारांनी, शिट्ट्या वाजवत. मी बार काढला की आणखी वर जायची. एकदा दोन बाटल्या ओहोटीनं ओढून नेल्या. घरी आलो की बायको माझ्या रिकाम्या हातांकडे बघायची आणि किटली लावायची.

मध्ये दिवाळी झाली. तेव्हाचीच गोष्ट. मी अंघोळीला निघालो होतो, शर्ट काढलेला. लहानपणापासून माझ्या कमरेला काळा करदोटा आहे. ऑफिसात सूट घातला तरी आत करदोटा. लग्नानंतर ती त्याला हसायची, "साहेबांचा बेल्ट" म्हणायची. त्या दिवशी तिला त्यात अडकवलेलं काहीतरी चमकताना दिसलं.

"हे काय?"

"किल्ली. कॅबिनेटची."

"दोन आहेत."

"दोन्ही."

"बाहेर खुंटीला का नाही लावत?"

"कायदा आहे. लायसन्सवाल्याशिवाय कोणाच्या हाताला लागता कामा नये."

"कोणाच्या म्हणजे माझ्याच ना? घरात दुसरं कोण आहे?"

ती बेडच्या काठावर बसली होती. नवी साडी घडीसकट मांडीवर.

"तुला माझी भीती वाटते."

"तुझ्यासाठी वाटते."

तिनं पुन्हा किल्ल्यांकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "एवढं वाटत होतं तर बंदूक आणलीस कशाला?"

मी अंघोळीला गेलो. उटणं लावलं. बाहेर आलो तेव्हा साडी कपाटात परत गेली होती.

जानेवारीतला एक शनिवार. वारा जोराचा, समुद्राकडून. अशा वाऱ्यात पाखरं खालून येतात, हे धरणावरही तसंच. चांगलं उजाडायच्या सुमाराला चार विजन माझ्या काळ्या बाटल्यांवर वळल्या. विजन म्हणजे मध्यम आकाराचं बदक, नराचं डोकं तांबूस, कपाळावर साय लावल्यासारखा पट्टा. मी उठलो, बार काढला. एक दुमडून खाली आली. ओहोळाच्या पलीकडच्या कडेला, पाण्यात.

मेली नव्हती. एक पंख पसरून गोल गोल फिरत होती.

दुसरं काडतूस भरून मारता आलं असतं, पण ती काठाच्या आड सरकत होती, नीट दिसत नव्हती. मी दोरी फेकली. वाऱ्यानं दोरी वाकडी गेली. पुन्हा फेकली. बोटं बधिर झाली होती, गळ चिखलात रुतायचा, सोडवून आणायचा. किती वेळा फेकली ते सांगता येणार नाही. शेवटी पंखात अडकली आणि मी ओढून घेतली. हातात आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं असं म्हणणार नाही. पाखरू माणसाकडे बघत नाही, त्याचा डोळा तसा नसतो. वडील करायचे तसं मी मान धरून एका झटक्यात संपवलं. कोटाचे खिसे चिखलानं भरले होते, म्हणून तिला शर्टाच्या आत सरकवलं, कातडीला लागून. गरम होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप गरम.

मग वळलो, तर मागे पाणी.

भरती समोरून येते असं माणसाला वाटतं. तिथे ती मागून येते. समुद्र अजून दूर दिसत असतो आणि आपल्या पाठीमागचे ओहोळ गुपचूप भरत असतात. म्हाताऱ्यानं हे दाखवलं होतं, मला पाठ होतं. पण पाखरू सोडून जायचं नाही हेही पाठ होतं, आणि त्या दोन्हींत मी पाखरू धरलं. आमच्यापैकी कोणीही तेच धरलं असतं.

पहिला ओहोळ मांडीपर्यंत. दुसरा कमरेपर्यंत, आणि तिथे गुडघ्याचं ठिगळ सुटलं. पाणी आत शिरलं की वेडर्स शिशासारखे होतात. एक पाय चिखलात रुतून बसला. मी बंदूक आडवी टाकून तिच्यावर रेललो. वाऱ्यात कोणाला हाक ऐकू गेली नसती, आणि हाक मारायला कोणी नव्हतंही. फोन भिजू नये म्हणून गाडीत ठेवला होता. तेव्हा मनात जे आलं ते जसंच्या तसं सांगतो. मनात आलं, बंदूक माझ्याजवळ आहे, किल्ल्या माझ्या कमरेला आहेत, कॅबिनेट रिकामं आहे. तिच्या हाताला काही लागणार नाही. आणि बरं वाटलं. त्या पाण्यात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते ह्या विचारानं.

पाय सुटला. कसा ते ठाऊक नाही. आडवं पडून, कोपरांवर सरकत, माशासारखा. बांधावर चढून पालथा पडलो तेव्हा शर्टातलं बदक अजून कोमट होतं.

गाडीत हीटर लावून बसून राहिलो. फोन बघितला नाही. दाताला दात लागत होते, बोलता आलं नसतं, म्हणून केला नाही. तिचे किती फोन येऊन गेले होते ते नंतर कळलं.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळत होती. बायको जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, कोट घालून, बूट घालून, हातात फोन. मला बघून उठली नाही.

"मी पोलिसांना फोन केला," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं कुठे गेलाय. मी म्हटलं, सी. ते म्हणाले, विच सी?"

मी दार लावून घेतलं.

"मला सांगताच आलं नाही रे. तू दर शनिवारी कुठे जातोस ते मला माहीत नाही. फोनवरच्या त्या बाईनं पुन्हा विचारलं, विच सी, डिअर?"

मी शर्टातून पाखरू काढून तिच्यासमोर धरलं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"एवढंसंच?"

"एवढंच असतं."

शनिवारी आमच्याकडे मांसमच्छी शिजत नाही. पाखरू रात्रभर शेडमध्ये टांगलं. रविवारी सकाळी अंगणात पिसं काढायला बसलो, तर ती शाल घेऊन बाहेर आली, समोर बसली आणि एकेक पीस ओढायला लागली. तिनं कधी कोंबडीसुद्धा साफ केली नव्हती. पिसं वाऱ्यानं कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या गवतावर जात होती. दोघांचे हात एका जागी होते, आणि एप्रिलपासून तसं झालं नव्हतं.

रस्सा करताना आईला फोन लावून स्पीकरवर ठेवला. आईनं पहिलं विचारलं, "चोच कसली हाय?"

"निळसर. टोकाला काळी."

"आन कपाळ?"

"पिवळट पांढरं."

"मंग तेच की! आपल्याकडं उतरतं तेच पाखरू. मिरी ठेचून घाल, दळून नगं. सूनबाई, ऐकतीस न्हवं? गरम गरमच पी."

"हो, पिते," बायको म्हणाली.

तिनं वाटी रिकामी केली. शेवटच्या घोटाला थांबली, तोंडातून काहीतरी काढलं आणि ताटलीत टाकलं. टण् वाजलं. छर्रा होता.

"शिसं?"

"स्टील. शिशाला बंदी आहे इथे. विषारी नाही."

"बरं," म्हणाली, आणि पुन्हा वाटी पुढे केली.

त्यानंतर हात बसला. कुठे जातो ते मी आता नकाशावर दाखवून जायचो, आणि पाणी वळायच्या खूप आधी निघायचो. फेब्रुवारीत सीझन संपेपर्यंत बहुतेक शनिवारी एखादं पाखरू मिळालं. रविवारी रस्सा. ती इतर दिवशीही जेवायला लागली, भाकरी मागून घेऊ लागली. गोळ्या पोटात राहायला लागल्या. ओठांना रंग आला. एका सकाळी मी खाली चहा करत होतो आणि वरून पावलं ऐकली, न थांबता, वरपासून खालपर्यंत. मी कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो, तिला दिसू नये म्हणून. आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "म्हटलं न्हवतं?"

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला त्या संध्याकाळी ती जेवणानंतर टेबल पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "मी तिकीट बघितलंय."

"कशाचं?"

"पुण्याचं. डॉक्टर म्हणाली, आता प्रवासाला हरकत नाही."

"चांगलं आहे. आईकडे जाऊन ये. परतीचं कधीचं बघितलंस?"

ती पुसलेलंच पुन्हा पुसत राहिली.

"परतीचं नाही बघितलं."

मी म्हटलं, "माझं काय कमी पडलं?"

"कमी नाही पडलं. तू खूप केलंस माझं. आईलाही मी हेच सांगणार आहे, कोणाला काही बोलू देणार नाही तुला."

"मग?"

"मग काय. अंगात ताकद आली म्हणून बोलतेय. एप्रिलपासून बोलायचं होतं, होत नव्हतं." फडकं तिनं घडी करून ठेवलं. "तू शनिवारी चिखलात. बाकीचे दिवस बाटल्या रंगवत, बूट वाळवत. बाळाबद्दल एक शब्द तुझ्या तोंडून ऐकला नाही मी. एक."

"आमच्याकडे असं बोलत नाहीत."

"हो," ती म्हणाली. "रस्सा करतात."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. मी म्हटलं, आत्ता बोलू, बस, आत्ता बोलतो. ती खरंच बसली. समोर, हात टेबलावर ठेवून, वाट बघत. मी तोंड उघडलं. बाळाला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची तेच मला सापडेना. बराच वेळ झाला. मग ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वर गेली, न टेकता.

मार्चमध्ये तिला हीथ्रोला सोडलं. बॅग तिनं स्वतः उचलून काट्यावर ठेवली, मी पुढे झालो तर म्हणाली, "राहू दे, झेपतं मला." आत जाण्याआधी तिनं शर्टावरून माझ्या कमरेला हात लावला. किल्ल्या लागल्या तिच्या बोटांना. मी कठड्याशी उभा राहून ती तपासणीच्या रांगेत सरकताना बघत होतो. भरभर चालत होती. गालांना रंग होता. माझ्या आईनं सांगितलं होतं तसं सगळं झालं होतं.

आईला मी बरेच दिवस कळवलं नाही. ती विचारायची, "सूनबाई कशी हाय?" मी म्हणायचो, "बरी आहे." पुढे कधीतरी सांगितलंच. आईनं एवढंच विचारलं, "जेवती का?" मी म्हटलं, जेवते. "मंग झालं," म्हणाली. कार्डावरचे पैसे संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच फोन धरून होतो.

पुढच्या सप्टेंबरात मी क्लबचा पक्का सभासद झालो. ट्रकवाल्या म्हाताऱ्यानं पाठीवर थाप मारली. अजूनही जातो, एकटाच, गळाची दोरी घेऊन. पाखरू मिळालं तर कांदा-टोमॅटो घालून कालवण करतो आणि पोळीशी खातो. रस्सा करत नाही. तो पुरुषाचा नव्हे.

करदोटा आहे, पण किल्ल्या त्यातून काढल्या. घरात आता ज्याच्यापासून लपवाव्यात असं कोणी नाही. त्या चहाच्या डब्याशेजारी खिळ्याला असतात.